उद्यमनगरात बनलेला फिरता मंच: ओळंबा खरं सांगतो, गोटी फसवते

चाकासारख्या फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात माणसाला वजन का जाणवतं, हे वर्गात दाखवता यावं म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपने फिरता मंच तयार केलाय. व्यास १२० सेंटिमीटर, किंमत १८,५०० रुपये, सोबत मराठी पुस्तिका. शाळा-कॉलेजने घेण्यासारखी वस्तू आहे का, तर नक्की आहे. पण त्यातला गोटीचा प्रयोग जसा दिलाय तसा वर्गात करू नये. तो मुलांना चुकीचं भौतिकशास्त्र शिकवतो. ते कसं आणि त्यावर उपाय काय, ते पुढे सविस्तर येईलच. आधी यंत्राबद्दल.

काम उद्यमनगरच्या नावाला साजेसं आहे. स्टँड एम.एस. (माइल्ड स्टील) चौकोनी पाइपचा, वेल्डिंग घासून साफ केलेलं, चारही पायांना लेव्हलिंग बोल्ट. मंच १२ एमएम वॉटरप्रूफ प्लायचा आणि तो बसवलाय मोटारीच्या चाकाच्या हबवर. ही निवड फार शहाणपणाची. हबचं बेअरिंग गाडीच्या एका चाकावर येणारा भार पेलायला बनलेलं असतं. आठ-नऊ किलोचा मंच म्हणजे त्याला काहीच नाही, आणि उद्या आवाज करू लागलं तरी कुठल्याही गॅरेजात बदलून मिळतं. फिरवायला १२ व्होल्टची वायपर मोटर, वेगासाठी नॉब, मंचाखाली चुंबक आणि सेन्सर लावून आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, डिस्प्ले. मंचाच्या कडेने ८ सेंटिमीटर उंचीची अॅक्रिलिकची पट्टी गोल फिरवलीय. ती आपल्या स्थानकाची ‘जमीन’. बाकी सामानात कोनमापक लावलेले तीन ओळंबे, एक झुलता पाळणा, पाण्याची अरुंद पारदर्शक टाकी, मोबाइलचा क्लॅम्प, गोटीची घसरण आणि अर्ध्या किलोची चार वजनं.

सगळा हिशेब एकाच सूत्रावर चालतो आणि ते पुस्तिकेत बरोबर दिलंय. त्रिज्या मीटरमध्ये घ्या, मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या वर्गाने गुणा, ८९४.६ ने भागा; उत्तर थेट ‘जी’मध्ये, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या पटीत, येतं. १ आरपीएमला १ जी हवं असेल तर त्रिज्या ८९५ मीटर लागते, २ आरपीएमला २२४ मीटर, ४ आरपीएमला ५६ मीटर. मंचाच्या कडेला, म्हणजे ६० सेंटिमीटरवर, १ जी मिळायला ३८.६ आरपीएम पुरतात. आपल्या भागातल्या मुलांना समजावताना साखर कारखान्याचं सेंट्रिफ्यूगल मशीन जरूर घ्यावं. ६० सेंटिमीटर त्रिज्येची जाळीची टोपली मिनिटाला १००० फेरे फिरली तर तिच्या भिंतीवर ६७० जी येतो. म्हणून मळी जाळीबाहेर जाते आणि साखर आत राहते. स्थानकाचं तत्त्व तेच, फक्त माणसाला सोसेल इतकं हळू आणि त्यामुळे प्रचंड मोठं.

पुस्तिकेचं पहिलं पान मात्र पुन्हा लिहायला हवं. ‘अपकेंद्री बल वस्तूला बाहेर ढकलतं’ एवढं एकच वाक्य देऊन पुढे जाणं बरोबर नाही. मंचाबाहेर उभं राहून पाहणाऱ्याला बाहेर ढकलणारं काहीच दिसत नाही. सुटलेली वस्तू स्पर्शरेषेत सरळ निघालेली असते, कडेची पट्टी तिच्या वाटेत येते आणि तिला आत दाबत राहते. तो आतला दाब म्हणजेच स्थानकातल्या माणसाच्या तळपायाला जाणवणारं वजन. मंचावर बसून हिशेब करायचा तर अपकेंद्री बल खुशाल धरा, पण मग कोरिऑलिसही, म्हणजे फिरत्या मंचावर हलणारी वस्तू बाजूला वळवणारं भासमान बलही, धरावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याची किंवा मंचावर बसलेल्याची, एकच वही उघडा. दोन्ही वह्या एकत्र मांडल्या की गणित बिघडतं, आणि परीक्षेच्या पेपरात नेमकं तेच होताना दिसतं.

ओळंब्याचा प्रयोग या संचाचा जीव आहे. गवंडी वापरतो तसला छोटा ओळंबा १५ सेंटिमीटरच्या दोऱ्याने कमानीला टांगलाय आणि टांगायची जागा अक्षापासून ४५ सेंटिमीटरवर आहे. मंच फिरू लागला की ओळंबा बाहेरच्या बाजूला कलतो. आडवा १ जी झाला की कोन बरोबर ४५ अंश, कारण पृथ्वीचा १ जी खाली आहेच. इथेच पुस्तिकेचा तक्ता चुकलाय. त्यात त्रिज्या ४५ सेंटिमीटर धरून ‘पृथ्वी’साठी ४४.६ आरपीएम छापलेत. पण कललेला ओळंबा ४५ सेंटिमीटरवर उरतच नाही. ४५ अंशावर तो आणखी १०.६ सेंटिमीटर बाहेर गेलेला असतो. खरी त्रिज्या ५५.६ आणि खरा वेग ४०.१ आरपीएम. पुस्तिकेप्रमाणे ४४.६ ला फिरवलं तर कोन साडेएक्कावन्न अंशांच्या आसपास येतो, आणि मुलं समजतात की कोनमापक वाकडा बसलाय. दुरुस्त आकडे पेन्सिलीने लिहून ठेवा: चंद्राइतक्या, म्हणजे एक षष्ठांश जीसाठी १७.७ आरपीएम आणि साडेनऊ अंश, मंगळाच्या ०.३८ जीसाठी २६ आरपीएम आणि एकवीस अंशांना थोडा कमी कोन.

वाचन घेण्याआधी मंच लेव्हलमध्ये हवा. लेव्हल बॉटल मंचावर ठेवून बुडबुडा मध्ये आणा, मग मंच अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. बुडबुडा सरकला तर अक्षच तिरका आहे. निम्मा फरक पायाच्या बोल्टने काढा. अक्ष एक अंश जरी कलला असेल तरी ओळंबा प्रत्येक फेऱ्यात मागे-पुढे डुलतो आणि कोन एका जागी थांबत नाही. दुसरी गोष्ट, वेग वाढत असताना वाचन घेऊ नये. शून्यावरून ४० आरपीएमला ५ सेकंदांत नेलं तर वेगवाढीमुळेच ओळंबा मागच्या बाजूलाही खेचला जातो. वेग स्थिर झाल्यावर निदान दहा फेरे होऊ द्या.

झुलत्या पाळण्यासाठी या वर्कशॉपला पूर्ण गुण. जत्रेतल्या पाळण्यासारखा तो दोन हुकांवर मोकळा लटकतो. त्यात स्टीलचं फुलपात्र काठोकाठ नाही, पण बोटभर कमी भरून ठेवा. मंच फिरू लागला की पाळणा बाहेर उचलला जातो, ४५ अंशांपर्यंत येतो, आणि फुलपात्रातलं पाणी काठाला समांतर, शांत, एक थेंबही न सांडता. खोलीच्या हिशेबाने पाणी तिरकं उभं आहे, पाळण्याच्या हिशेबाने ते अगदी सपाट. ‘खाली’ ही दिशा कुठून येते ते समजावायला याहून चांगलं दृश्य वर्गात मिळणं अवघड आहे. फक्त नॉब हळू फिरवा, झटका दिला तर पाणी उडतंच.

याच पाळण्यात स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ठेवून १०० ग्रॅमचं वजन १४१ ग्रॅम भरतं असं पुस्तिका म्हणते. तत्त्व बरोबर आहे, कारण दोन १ जी काटकोनात मिळून १.४१ जी होतात. पण काट्यावर आकडा जास्तच येतो. काटा स्थिर असताना शून्य केलेला असतो आणि फिरताना त्याच्या स्वतःच्या ताटलीचं वजनही ४१ टक्क्यांनी वाढतं. ताटली ६० ग्रॅमची असेल तर २५ ग्रॅम तिचेच. आधी रिकामा काटा त्याच वेगाला फिरवून आकडा मोबाइलवर टिपा आणि नंतर तो वजा करा.

पाण्याच्या टाकीबद्दल थोडक्यात. लांबी ६०, रुंदी ५ आणि उंची २० सेंटिमीटर. ८ सेंटिमीटर पाणी म्हणजे २.४ लिटर भरून शाईचे चार-पाच थेंब घाला आणि टाकी बरोबर मधोमध बसवा. ४० आरपीएमला मध्य आणि टोक यांच्या पातळीत ८ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि पाण्याची सुरेख अन्वस्त वक्रता दिसते. ५० च्या पुढे जाऊ नका. ६० आरपीएमला हा फरक १८ सेंटिमीटर होतो, टोकाची पातळी २० ला पोचते आणि शाईचं पाणी थेट मोटरच्या वायरिंगवर सांडतं. टाकीला झाकण दिलेलं नाही. ही उणीव आहे.

मोबाइलच्या क्लॅम्पवर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत अॅप वापरा. त्यात त्वरण आणि कोनीय वेग एकत्र नोंदवण्याचा प्रयोग तयारच आहे. मुलं फोनच्या मध्यापासून त्रिज्या मोजतात आणि उत्तर पाच-दहा टक्के चुकतं, कारण फोनमधला सेन्सर मध्यावर नसतो. त्यावर साधा उपाय: पाच वेगवेगळ्या वेगांना वाचन घ्या, कोनीय वेगाच्या वर्गासमोर त्वरणाचा आलेख काढा. रेषेचा चढ म्हणजेच सेन्सरची खरी त्रिज्या. फोन न उघडता आतला सेन्सर कुठे आहे ते कळतं, आणि मुलांना याचं फार अप्रूप वाटतं.

आता गोटी. संचात मंचावर घसरण बसवलीय. तिच्यावरून गोटी सोडली की ती प्लायवरून वळत कडेला जाते आणि पुस्तिका सांगते, ‘हाच कोरिऑलिस परिणाम, स्थानकात खाली टाकलेली वस्तू अशीच वळते.’ तसं नाही. स्थानकात हातातून सुटलेल्या वस्तूला जमिनीला टेकेपर्यंत कशाचाच स्पर्श नसतो. मंचावरच्या गोटीला मात्र फिरतं प्लाय सतत खालून ओढत असतं. न घसरता गडगडणारी भरीव गोटी फिरत्या मंचावर सोडली तर बाहेरून पाहताना ती सरळ जातच नाही. मंचाच्या कोनीय वेगाच्या दोन सप्तमांश वेगाने वर्तुळात फिरते. हे यांत्रिकीतलं जुनं, सिद्ध उत्तर आहे. म्हणजे मुलांना दिसतं ते वळण कोरिऑलिस आणि घर्षण यांची खिचडी असते, आणि त्यातून मोजलेला कुठलाही आकडा स्थानकाला लागू पडत नाही. कॅरमची पावडर टाकून सोंगटी सरकवली तर खिचडी थोडी कमी होते, संपत नाही.

खरा उपाय असा: जमीन स्थिर ठेवा आणि कॅमेरा फिरवा. मंचाबाहेर चार खांब उभे करून त्यांवर ९० सेंटिमीटर चौरस, ५ एमएमची टफन्ड काच मंचापासून ६० सेंटिमीटर उंचीवर बसवा आणि लेव्हल करा. फोन मंचाच्या मध्यावर, स्क्रीन वर करून ठेवा आणि समोरच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ घ्या. अक्षावर फोनचा मध्य नको, कॅमेऱ्याची भिंग यायला हवी. तपासायला काचेवर अक्षाच्या बरोबर वर मार्करचा ठिपका द्या. मंच फिरताना व्हिडिओत ठिपका जागचा हलला नाही म्हणजे जमलं. मग काचेवरून २५ एमएमचा स्टीलचा छर्रा गडगडवा. उद्यमनगरात बेअरिंगच्या दुकानात असे छर्रे सुटे मिळतात. खोलीत बघणाऱ्याला छर्रा सरळ जाताना दिसतो, व्हिडिओत तोच वळत जातो. हे शुद्ध कोरिऑलिस आणि अपकेंद्री. घर्षणाची लुडबूड नाही.

‘हातातून सुटलेली वस्तू’ दाखवायची असेल तर छर्ऱ्याला स्थानकाचा वेग द्यावा लागतो. काचेवर २० आणि ४० सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळं आखा. आतलं म्हणजे हात, बाहेरचं म्हणजे जमीन. मंच २० आरपीएमला ठेवला तर आतल्या वर्तुळावरचा वेग सेकंदाला ४२ सेंटिमीटर होतो, आणि सपाट घसरणीवरून साडेबारा मिलिमीटर खाली गडगडत आलेल्या छर्ऱ्याला नेमका तेवढाच वेग मिळतो. घसरणीला खाच असेल तर छर्रा दोन कडांवर चालतो आणि वेग थोडा कमी पडतो. उंची मिलिमीटरभर वाढवून बघा. घसरणीचं तोंड वर्तुळाच्या स्पर्शरेषेत आणि मंचाच्या फिरण्याच्या दिशेनेच हवं. छर्रा बाहेरच्या वर्तुळाला पोचतो तेव्हा ‘सरळ खाली’च्या जागेपासून २७ सेंटिमीटर मागे पडलेला असतो.

मागे म्हणजे फिरण्याच्या उलट दिशेला. आणि यातली फार सुंदर गोष्ट अशी की मंचाचा आणि छर्ऱ्याचा वेग एकाच प्रमाणात बदलला तर हे २७ सेंटिमीटर बदलत नाहीत. वस्तू किती अंशांनी मागे पडेल ते फक्त दोन त्रिज्यांच्या गुणोत्तरावर ठरतं. म्हणूनच हा छोटा प्रयोग मोठ्या स्थानकाबद्दल काहीतरी खरं सांगू शकतो. २२४ मीटर त्रिज्येच्या स्थानकात दीड मीटर उंचीवरून चेंडू सोडला तर तो सुमारे १२ सेंटिमीटर मागे पडेल. वेताएवढंही नाही, पण फुलपात्रात पाणी ओतताना लक्षात येईल इतकं नक्की.

मंचावरचा कोरिऑलिस मोठ्या स्थानकापेक्षा कितीतरी भडक दिसतो, हेही वर्गात सांगायलाच हवं. नाहीतर मुलांना वाटतं की स्थानकात चालताच येणार नाही. गणित असं: कोरिऑलिस आणि कृत्रिम वजन यांचं गुणोत्तर म्हणजे तुमच्या वेगाची दुप्पट भागिले कडेचा वेग. मंचावर ओळंब्याच्या जागी तो वेग सेकंदाला सव्वादोन-अडीच मीटर. २२४ मीटरच्या स्थानकात जवळजवळ ४७ मीटर. तिथे सेकंदाला दीड मीटरने फिरण्याच्या दिशेला चालणारा माणूस साडेसहा टक्के जड होईल आणि उलट चालला तर तेवढाच हलका. त्रिज्या कमी केली की हा फरक झपाट्याने वाढतो. अमेरिकेत पेन्साकोला इथल्या नौदलाच्या फिरत्या खोलीतल्या प्रयोगांत १ आरपीएमला फारसा त्रास दिसला नाही, पण १० आरपीएमला डोकं वळवलं की बहुतेकांना मळमळायचं. हळूहळू वेग वाढवत सवय केली तर माणूस बराच जास्त वेग सोसतो, असं पुढच्या संशोधनात दिसलं. १९७५ च्या नासाच्या अभ्यासात दहा हजार माणसांचं चाक सुचवलं गेलं ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि मिनिटाला एक फेरा घेणारं, त्याचं कारण हेच.

प्रत्यक्षात माणसांसह असं झालंय ते अगदी किंचित. सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी ११ यान ३० मीटरच्या दोराने अजीना रॉकेटला बांधून अंतराळवीर कॉनरॅड आणि गॉर्डन यांनी ही जोडी सावकाश फिरवली. वजन निर्माण झालं, पण अंगाला जाणवण्याइतकं नव्हतं. आंतरराष्ट्रीय स्थानकासाठी जपानमध्ये तयार होत असलेला सेंट्रिफ्यूजचा कक्ष २००५ मध्ये रद्द झाला आणि कधी उडालाच नाही. जर्मनीत कलोनला २०१९ मध्ये साठ दिवस झोपवून ठेवलेल्या स्वयंसेवकांना रोज ३० मिनिटं लहान त्रिज्येच्या यंत्रावर फिरवून पाहिलं गेलं. इतिहासाचं हे पान पुस्तिकेत नाही. दोन ओळी तरी हव्या होत्या.

आता बिघाडांबद्दल. सगळ्यात आधी जाईल ती मोटर. वायपर मोटरमध्ये वर्म गिअर असतो आणि मंचाच्या बाजूने जोर आला तर तो फिरत नाही. ४० आरपीएमला असताना एकदम स्विच बंद केला तर मोटर जागीच थांबू पाहते, मंच मात्र जडत्वाने पुढे जायला बघतो, आणि मधल्या नायलॉनच्या चाकाचे दात सोलून निघतात. नॉब दहा सेकंदांत सावकाश शून्यावर आणा, मगच स्विच बंद. पुस्तिकेत ही सूचना नाही, ती यंत्रावर रंगाने लिहायला हवी. ऑर्डर देताना थेट कपलिंगऐवजी पट्टा मागा. झटका बसला तर पट्टा घसरेल, दात वाचतील. १२ व्होल्ट असल्याने वीज नसली तरी स्कूटरच्या बॅटरीवर मंच चालतो. राधानगरी, शाहूवाडीकडच्या शाळांना हा मोठा फायदा.

दुसरा बिघाड तोलाचा. ५० सेंटिमीटरवर २०० ग्रॅमचा फोन लावला तर समोर २५ सेंटिमीटरवर ४०० ग्रॅम हवेत; वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं. संचातली वजनं अर्ध्या किलोची असल्याने अंतर २० सेंटिमीटरवर आणावं लागतं. हे केलं नाही तर स्टँड फरशीवर चालू लागतो. अंतराळात तर चुकीच्या अक्षाभोवती फिरवलं की अक्षच बदलतो. १९५८ चा एक्सप्लोरर १ हा लांबट उपग्रह लांबीच्या अक्षाभोवती फिरवत सोडला होता. त्याच्या लवचिक अँटेनांत ऊर्जा जिरत गेली आणि थोड्याच वेळात तो आडवा कोलांट्या घेऊ लागला. चाकाचा आकार यात सुरक्षित असतो, कारण त्याचा फिरण्याचा अक्षच सर्वाधिक जडत्वाचा असतो.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत प्लायच्या कापलेल्या कडा ओल धरतात आणि मंच किंचित मुरडतो. मंच मिळाल्याबरोबर कडांना आणि खालच्या बाजूला वॉर्निशचे दोन हात द्या. हबचे नट महिन्यातून एकदा आवळा. साधे नट आहेत, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) टाकून घेतले तर उत्तम. कडेची अॅक्रिलिक पट्टी दर ३० सेंटिमीटरवर एका स्क्रूने धरलीय, तिथे मध्येच तडे जातात. स्क्रूखाली रबरी वॉशर टाका. मंचावर मुलाला बसवायचा मोह टाळा, ओढण्या आणि मोकळे केस दूर ठेवा, आणि ओळंब्याची गाठ दर तासिकेआधी ओढून बघा.

ऑर्डर देताना चार गोष्टी लिहून द्या: पट्ट्याची ड्राइव्ह, टाकीला झाकण, १०० ग्रॅमची सुटी वजनं, आणि काचेसाठी चार खांब. वर्कशॉप हे सगळं करून देतं. गोटीची घसरण मंचावरून काढून काचेवर बसेल अशी वेगळी मागा, आणि तिची उंची मिलिमीटरने कमी-जास्त करायला स्क्रू ठेवायला सांगा.